पासंड ते पाखंड : व्युत्पत्तीची साक्ष कितपत ग्राह्य?

आपल्याकडील व्याख्यानांतून, वर्षावासातील प्रवचनांतून आणि अलीकडे भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांतून एक व्युत्पत्ती वारंवार कानी पडते. 'पाखंड' हा शब्द 'पाप' आणि 'खंड' यांपासून झाला. पापाचे खंडन करणारा तो पाखंडी. अर्थात हे मुळात श्रमणांचे गौरवाचे नाव होते आणि वैदिकांनी त्याची शिवी केली, असा हा युक्तिवाद आहे. माझ्या पालिच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने हीच व्युत्पत्ती आपल्या निबंधात मोठ्या आत्मविश्वासाने लिहून आणली. त्या निबंधावर शेरा लिहिताना जे मनात आले, ते सविस्तर मांडावे म्हणून हा लेख.

या युक्तिवादाचा उत्तरार्ध बव्हंशी खरा आहे. पूर्वार्ध मात्र सर्वस्वी चुकीचा आहे. पूर्वार्ध चुकीचा असल्याने खरा उत्तरार्धही संशयास्पद ठरतो, ही यातील खरी हानी होय. ज्याचा पाया पहिल्याच आक्षेपाने ढासळतो, त्या विधानाबरोबर त्याच्यावर उभे केलेले सत्यही प्रतिपक्ष सहज झटकून टाकतो. म्हणून या शब्दाचा इतिहास नीट पाहणे अगत्याचे आहे.

शिलालेखांतील पासंड

या शब्दाचा सर्वांत भक्कम आणि कालनिश्चिती करता येण्याजोगा प्राचीन पुरावा सम्राट अशोकाच्या लेखांत सापडतो. गिरनारच्या लेखात त्याचे रूप 'पासंड' असे आहे. सातव्या शिलालेखात अशोक म्हणतो की, सर्व पासंडांनी सर्वत्र वास करावा, कारण संयम आणि चित्तशुद्धी सर्वांनाच हवी असते. बाराव्या शिलालेखाचा तर हाच विषय आहे. राजा सर्व पासंडांचा, मग ते प्रव्रजित असोत वा गृहस्थ, सन्मान करतो. परंतु दानापेक्षा व सन्मानापेक्षा त्याला सर्वांच्या साराची वाढ अधिक मोलाची वाटते, आणि त्या वाढीचे मूळ आहे वाणीचा संयम. जो केवळ आसक्तीपोटी स्वतःच्या पासंडाची स्तुती व दुसऱ्याच्या पासंडाची निंदा करतो, तो स्वतःच्याच पासंडाला अपाय करतो. यास्तव सर्वांनी एकत्र यावे, एकमेकांचा धम्म ऐकावा आणि बहुश्रुत व्हावे, असा त्या लेखाचा आशय आहे.

येथे 'स्वतःचा पासंड' आणि 'दुसऱ्याचा पासंड' असे दोन्ही प्रयोग आहेत, हे ध्यानात घेतले पाहिजे. जो शब्द निंदाव्यंजक असतो, तो कोणी स्वतःला लावीत नाही. सातव्या स्तंभलेखात धम्ममहामात्रांच्या कामाची वाटणी सांगताना संघ, ब्राह्मण, आजीविक, निगंठ आणि निरनिराळे पासंड यांचा एकाच ओघात निर्देश येतो. बौद्ध संघ एका बाजूला आणि पासंड दुसऱ्या बाजूला, अशी विभागणी अशोकाच्या मनात नाही. ब्राह्मण आणि श्रमण या दोहोंना त्याच्या लेखी एकच न्याय आहे.

आपल्या सुदैवाने या अर्थाला समकालीन भाषांतराचाही आधार आहे. १९६३ साली जुन्या कंदाहार येथे बाराव्या लेखाचा शेवट आणि तेराव्याचा आरंभ असलेला ग्रीक शिलालेख सापडला. त्यात 'पासंड' या शब्दासाठी 'दिआत्रिबे' हा ग्रीक शब्द योजला आहे. तत्त्वचिंतकांची शाखा, त्यांचा संप्रदाय, असा त्याचा अर्थ होतो. अशोकाच्या हयातीत ज्याने हे भाषांतर केले, त्याला पासंड म्हणजे नास्तिक किंवा ढोंगी असे काही ठाऊक नव्हते. पुढे ओरिसातील हाथीगुंफा लेखात राजा खारवेल स्वतःला सर्व पासंडांचा पूजक म्हणवतो. खारवेल जैन परंपरेचा अभिमानी होता. म्हणजे अशोकानंतरही काही काळ हा शब्द तटस्थ, किंबहुना आदरास पात्र असा राहिला होता.

अर्थ कसा फिरला

याच्या उलट चित्र ब्राह्मणी स्मृतिग्रंथांत दिसते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात, पाषंडींचा शब्दानेही सत्कार करू नये असे सांगितले आहे. नवव्या अध्यायात जुगारी इत्यादींबरोबर पाषंडस्थांनाही नगरातून तत्काळ हाकलून द्यावे, असा राजाला आदेश आहे. पाचव्या अध्यायात पाषंडाचा आश्रय केलेल्या स्त्रियांना मरणोत्तर उदकदान नाकारले आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात नगररचनेच्या प्रकरणी पाषंड आणि चांडाळ यांची वस्ती स्मशानाच्या कडेला सांगितली आहे. या एका तरतुदीपाशी आपल्या वाचकाने क्षणभर थांबावे. वेगळा विचार करणारा आणि जन्माने बहिष्कृत ठरवलेला, या दोघांना एकाच समासात व एकाच जागी, गावाच्या शेवटी, बसवले गेले. बाबासाहेबांनी 'द अन्टचेबल्स' (१९४८) या ग्रंथात अस्पृश्यतेचा आणि बौद्ध धम्माविषयीच्या तिरस्काराचा जो संबंध प्रतिपादिला, त्याचा विचार करताना हे सान्निध्य दुर्लक्षिण्याजोगे नाही. अर्थात तेवढ्यावरून तो सिद्धान्त सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. त्याच अर्थशास्त्रात पाषंडी प्रवाशांना धर्मशाळेत उतरवण्याचीही तरतूद आहे. पुरावा दोन्ही बाजूंनी मांडावा लागतो.

मनूच्या चौथ्या अध्यायातील त्या यादीत पाषंडींच्या शेजारी कोण बसले आहेत, हेही पाहण्यासारखे आहे. मांजराप्रमाणे साधुत्वाचे सोंग करणारे बैडालव्रतिक तेथे आहेत, बगळ्यासारखे डोळे मिटून भक्ष्य टिपणारे बकवृत्ती आहेत, शठ आहेत. आणि त्यांच्याच रांगेत 'हैतुक', म्हणजे हेतू विचारणारे, तर्काने वाद करणारे आहेत. माझ्या मते 'पाखंड' या शब्दाला पुढे जो 'ढोंग' हा अर्थ चिकटला, त्याचे एक कारण अशा याद्यांत आहे. एखादा शब्द शतकानुशतके ढोंग्यांच्या पंक्तीत उच्चारला गेला, तर ढोंगाचा रंग त्याला लागल्यावाचून राहत नाही. दुसरे कारण बाह्य चिन्हांचे. अमरकोशात पाषंड या शब्दाचा पर्याय 'सर्वलिंगी' असा दिला आहे. लिंग म्हणजे येथे संप्रदायाची खूण, वेष. ज्याची ओळख वेषावरून होते, त्याच्याजवळ वेषाखेरीज काही नाही, अशी समजूत करून देणे विरोधकांना कठीण नव्हते.

पुराणांनी यावर कळस चढवला. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशात राजा शतधनूची कथा आहे. त्याने व्रताच्या दिवशी एका पाषंडीशी दोन शब्द बोलण्याचे सौजन्य दाखवले, आणि तेवढ्या अपराधासाठी त्याला कुत्रा, कोल्हा इत्यादी योनींतून फिरावे लागले. त्याच्या राणीने तोंड फिरवले, म्हणून ती वाचली. एकमेकांचा धम्म ऐका, असे सांगणारा शिलालेख आणि पाषंडीशी बोलणेही पाप, असे सांगणारी ही कथा, या दोन टोकांमध्ये या शब्दाचा सगळा इतिहास सामावला आहे. शब्द तोच राहिला; तो उच्चारणाऱ्याचा समोरच्या माणसाकडे पाहण्याचा दृष्टिकोन पालटला.

व्युत्पत्ती मागाहून आली

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अमरकोशाच्या परंपरेतील टीकाकारांनी या शब्दाची एक व्युत्पत्ती दिली आहे. 'पा' म्हणजे पालन करणारा वेदत्रयीचा धर्म. त्याचे जे खंडन करतात ते पाखंड. ही व्युत्पत्ती आणि आपल्याकडील 'पापाचे खंडन' ही व्युत्पत्ती यांत तत्त्वतः काहीच फरक नाही. दोहोंना 'खंड' हा अवयव हवा आहे. परंतु अशोकाच्या लेखांत 'ख' नाहीच. गिरनारला 'पासंड' आहे, वायव्येकडील शाहबाजगढीला 'प्रषंड' आहे, संस्कृत ग्रंथांत 'पाषण्ड' आहे. 'ष' चा उच्चार 'ख' असा करण्याची प्रथा उत्तर भारतात पुढे रूढ झाली. 'भाषा'चे 'भाखा' झाले, 'वर्षा'चे 'बरखा' झाले, त्याच रीतीने 'पाषंड'चे 'पाखंड' झाले. प्राकृतातून सरळ वाटेने हा शब्द मराठीत उतरला असता, तर त्यात 'स' राहिला असता. म्हणजे 'खंड' हा या शब्दाचा मूळ अवयव नसून उच्चारातील एका उशिराच्या बदलाचा परिणाम आहे. जे अक्षर अशोकाच्या दगडावर नाही, त्याच्यावर वैदिकांची निंदाही उभी राहत नाही आणि आपला गौरवही उभा राहत नाही.

मग शब्दाचे मूळ काय? 'परिषद्', 'पार्षद' या शब्दांशी, म्हणजे सभा व सभासद या कल्पनेशी, त्याचा संबंध जोडण्याकडे काही अभ्यासकांचा कल आहे. शाहबाजगढीच्या रूपातील रकाराने त्याला थोडा आधार मिळतो. ध्वनिपरिवर्तनाच्या काही अडचणी त्यात उरतात, म्हणून तो निर्णायक मानता येत नाही. पण आपल्या प्रतिपादनासाठी मूळ निश्चित होण्याची गरजच नाही. शब्दाचा वापर कोणत्या काळी, कोणी, कोणासाठी केला, हे लेखांवरून व ग्रंथांवरून कळते, आणि तेवढे पुरेसे आहे.

यातून जो सर्वसाधारण निष्कर्ष निघतो तो असा. अर्थ आधी बदलला. बदललेल्या अर्थाला शोभेल अशी व्युत्पत्ती मागाहून रचली गेली. अशी व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगत नाही. ती रचणाऱ्याचे मन सांगते, आणि त्या दृष्टीने ती मोलाचा पुरावा असते. 'महार' या शब्दाबाबत हेच घडले. 'मृताहार' ही व्युत्पत्ती रा. गो. भांडारकरांच्या नावे सांगितली जाते. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) 'महाअरी' ही व्युत्पत्ती मांडली. पहिलीत समाजाने लादलेली अवस्था ही जणू त्या माणसांची जन्मखूण ठरते. दुसरीत त्याच माणसांना लढवय्याचे नाव मिळते. जोतीरावांच्या व्युत्पत्तीमागचा न्यायबुद्धीचा आवेश वंदनीय आहे. तरीही माणसाची प्रतिष्ठा या दोन्ही व्युत्पत्तींवर अवलंबून नाही, हे आपण निःसंकोचपणे म्हटले पाहिजे.

आपल्याच परंपरेतील 'पाश'

टीका करावयाची तर ती एकाच बाजूची करून भागणार नाही. संयुत्तनिकायातील भिक्खुनीसंयुत्तात मार सीसुपचाला भिक्खुनीला विचारतो की, तुला कोणाचा पासंड रुचतो? ती उत्तर देते की, मला कोणाचाच पासंड रुचत नाही. बाहेरचे पासंड दृष्टींवर विसंबून असतात. सुत्तातच शब्दाचा रोख किंचित बदलू लागला आहे. पाचव्या शतकात बुद्धघोषाचार्यांची अट्ठकथा त्याची व्युत्पत्ती 'पास' म्हणजे पाश या शब्दावरून देते. प्राण्यांच्या चित्तावर दृष्टींचा पाश टाकतात ते पासंड. बुद्धशासन तर पाशातून सोडवते, म्हणून त्याला पासंड म्हणता येत नाही. पासंड केवळ बाहेरच असतात, असा तिचा आशय आहे.

अशोकाने ज्या शब्दात सर्वांना, आपल्या प्रिय संघालाही, सामावून घेतले होते, त्या शब्दातून बौद्ध टीकाकाराने स्वतःला बाहेर काढले आणि इतरांना आत ठेवले. रीत तीच, जी पुढे 'पा' आणि 'खंड' अशी फोड करणाऱ्यांनी वापरली. फरक परिणामांत आहे. अट्ठकथेच्या व्युत्पत्तीमागे नगरातून हाकलून देण्याचा दंडक नव्हता; मनूच्या शब्दामागे राजाचा दंड अपेक्षित होता. हा फरक लहान नाही. पण तो फरक सत्तेचा आहे, व्युत्पत्तिशास्त्राचा नव्हे, हे आपण मान्य केले पाहिजे.

'देवानंपिय' या अशोकाच्या बिरुदाबद्दलही अशीच सावधगिरी हवी. भट्टोजी दीक्षितांनी सतराव्या शतकात 'देवानांप्रिय' या समासाला 'मूर्ख' हा अर्थ जोडला, हे खरे आहे. कात्यायनाच्या मूळ वार्तिकात मात्र तो शब्द नाही. तेथे हा प्रयोग केवळ षष्ठी न लोपणाऱ्या समासांत नोंदवला आहे. तेव्हा 'कात्यायनानेच सूडाने अशोकाला मूर्ख ठरवले' असे जे आपल्या काही लेखांतून लिहिले जाते, त्याला आधार नाही. परंतु ज्या बिरुदाने अशोक आणि सिंहलद्वीपाचा राजा तिस्स हे दोघेही गौरवले गेले, त्याचा अर्थ व्याकरणाच्या पाठात 'मूर्ख' असा पढवला जावा आणि पढवणाऱ्यांना त्यामागचा सम्राट आठवूही नये, ही विस्मृती सूडाइतकीच भयानक आहे. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचे कोडे उलगडले, तेव्हा 'देवानंपिय' कोण, हे सांगू शकेल अशी जिवंत स्मृती या देशात उरली नव्हती. त्याचा उलगडा सिंहलातील पालि ग्रंथांच्या आधारे झाला.

शब्दाला नवा अर्थ देण्याची रीत

येथे कोणी विचारील की, तथागतांनी स्वतः शब्दांच्या अशा फोडी केल्या नाहीत काय? केल्या आहेत. अग्गञ्ञसुत्तात 'अज्झायक', म्हणजे वेदाध्यायी, या शब्दाची फोड 'ध्यान न करणारे' अशी केली आहे. ती ऐकणाऱ्या वासेट्ठाला आणि भारद्वाजाला, दोघेही ब्राह्मणकुलातील, त्यातील उपरोध कळला नसेल असे नाही. ती ऐतिहासिक माहिती म्हणून दिलेली नव्हती. धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गात तथागत 'ब्राह्मण' हा शब्द घेतात आणि जन्म, जटा, गोत्र यांऐवजी आचरणाचा निकष लावतात. जुन्या काळी या शब्दाचा असा अर्थ होता, एवढ्यावर ते थांबत नाहीत. ज्याच्या ठायी सत्य व धम्म आहे त्यालाच मी ब्राह्मण म्हणतो, असे ते उघडपणे स्वतःच्या नावाने सांगतात. अरणविभंगसुत्तात तर, एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत 'पाती', 'पत्त', 'सराव' अशी निरनिराळी नावे असतात, म्हणून आपलेच नाव खरे असा हट्ट धरू नये, असा उपदेश आहे. शब्द आणि वस्तू यांचा संबंध रूढीचा आहे, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

अशोकाने हीच रीत उचलली. त्याचा नववा शिलालेख 'मंगल' या शब्दाविषयी आहे. आजारपणात, विवाहात, प्रवासात लोक नाना मंगले करतात. त्यांचे फळ अल्प. दास व सेवकांशी योग्य वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम हेच खरे धम्ममंगल, असे तो सांगतो. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना मिळाला, आणि या नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, सापडला.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, धम्म आणि धर्म यांतील भेद सांगण्यापूर्वी, धर्म या शब्दाला एक निश्चित अर्थ नाही, तो अनेक अवस्थांतून गेला आहे आणि प्रत्येक अवस्थेत त्याचा अर्थ वेगळा होता, हे विवेचन केले आहे. धातूपासून अर्थ काढण्यावर त्यांनी भिस्त ठेवली नाही. शब्दाच्या वापराच्या अवस्था सांगितल्या, आणि मग धम्म म्हणजे काय हे स्वतःच्या जबाबदारीवर मांडले. पालि व्याकरण आणि शब्दकोश यांवर त्यांनी जे कष्ट घेतले, ते महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६व्या खंडात पाहावयास मिळतात. दिवसाचे चोवीस तास अपुरे पडणाऱ्या माणसाने शब्दकोशासाठी वेळ काढला, याचा अर्थ आपण समजून घेतला पाहिजे.

त्या विद्यार्थ्याच्या निबंधावर मी शेवटी शेरा लिहिला तो असा : 'निष्कर्ष ठेवा, व्युत्पत्ती काढा, गिरनारचा बारावा लेख वाचा.' आपल्याला शिवी दिली गेली, हे सिद्ध करण्यासाठी कल्पित फोडीची गरज नाही. अशोकाचा शिलालेख आणि मनूचे श्लोक शेजारी ठेवले की ते आपोआप सिद्ध होते. आणि एक आत्मपरीक्षणाची गोष्ट. कर्मकांडावर टीका करताना आपण आज 'पाखंड', 'पाखंडी' हे शब्द सर्रास वापरतो. ढोंगाला ढोंग म्हणावे, लबाडीला लबाडी म्हणावे. मराठीत शब्दांचे दारिद्र्य नाही. पण ज्या शब्दाने आपल्या पूर्वसूरींना नगराबाहेर काढले, तो जसाच्या तसा उचलून दुसऱ्यावर फेकण्यापूर्वी निदान त्याचा इतिहास ठाऊक असावा. २०२४ साली मराठी, पालि आणि प्राकृत या तिन्ही भाषांना अभिजात दर्जा मिळाला. त्या दर्जाचा उपयोग काय, असे विचारले जाते. या तिन्ही भाषांतून चालत आलेल्या एकेका शब्दाचा असा पुराव्यानिशी इतिहास लिहिणे, हा त्याचा एक उपयोग आहे, आणि ते काम आपल्या विहारांतील अभ्यासवर्गांना आजही सुरू करता येईल.